खालच्या गिरणीबद्दलची दोन वाक्यं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. समोर कुणी असलं की मला खोटं फार पटकन जमतं. बाकी स्वभावानं मी तशी बरी आहे, असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत?

कुठून सुरुवात करू? गावापासून करते. गावाबद्दल बोलायचं म्हटलं की माझी जीभ सैल सुटते. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यातली पहिली काही आमच्याच गावात. कराडच्या खाली, सांगलीच्या वर, कृष्णा जिथे एक मोठं वळण घेते तिथलं आमचं गाव. लहानसं. पण पंचक्रोशीत त्याला ‘गिरण्यांचं गाव’ म्हणत. पिठाच्या दोन गिरण्या आणि शेंगदाण्याचा एक तेलघाणा, एवढ्यावर हे नाव पडलं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांवर बाया पहाटे उठून जात्यावरच दळत होत्या. नदीवर पूल नव्हता. पलीकडची माणसं नावेतून दळण घेऊन यायची, आणि नावाडी धान्याचे डबे नावेच्या मध्यावर ठेवून माणसांना कडेला बसवायचा. माणूस भिजला तर वाळतो, गहू भिजला तर गेला, असं त्याचं म्हणणं.

गिरण्या नदीकाठीच का? तर इंजिनासाठी. तेलावर चालणारी ती इंजिनं तापायची, त्यांना हौदातलं पाणी सतत लागायचं. वरची गिरणी वेशीजवळ होती, खालची अगदी घाटाच्या पायऱ्यांना लागून. दोन्हींचा आवाज वेगळा. वरचीचा ठणठणीत ‘पुक-पुक-पुक’, आणि खालची मध्येच एक ठोका खायची, लंगडत चालल्यासारखी. माझी आई चुलीपुढे बसून नुसत्या आवाजावर सांगायची, आता खालची मोकळी झाली, पळ.

बघा, किती छान सांगतेय मी. असंच छान मी पुस्तकातही लिहिलं. त्या पुस्तकाकडे यायचंच आहे. पण आधी हिराबाई.

हिराबाई म्हणजे खालच्या गिरणीची मालकीण. मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. तिचा नवरा लष्करात गाड्यांचा मिस्तरी होता. पेन्शनीत आला तसा त्यानं मिरजेहून एक जुनं इंजिन बैलगाडीत घालून आणलं आणि गिरणी उभी केली. चारच वर्षांत तो तापानं गेला. मागं राहिली हिराबाई आणि पोटातली पोर. गावाला वाटलं, गिरणी विकून ती माहेरी जाईल. ती गेली नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट आवळून ती इंजिनाचं हँडल मारायला शिकली. ‘बाईमाणसानं हँडल मारायचं?’ म्हणून लोक नाकं मुरडायचे, आणि दुपारी दळण घेऊन तिच्याकडेच जायचे. कारण तिचं पीठ मऊ. दळून दळून गिरणीचे दगड गुळगुळीत होतात, मग छिन्नीनं त्यांना पुन्हा खाचे पाडावे लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. वरच्या गिरणीवाला त्यासाठी बाहेरून माणूस बोलवायचा. हिराबाई स्वतः लावायची, मांडी घालून, दगड पुढ्यात घेऊन, तासन्‌तास.

आता टाकी लावली की दगडाची बारीक खर सुटते. म्हणून पहिलं दळण माणसाचं घालायचं नसतं. दोन-तीन शेर हलका जोंधळा किंवा कोंडा दळून काढायचा, तो म्हशीला जातो, दगड स्वच्छ होतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझं वय तेव्हा अठरा. मॅट्रिक झालेली, वडील फौजेत सुभेदार, त्यामुळे नाक जरा वरच. चुलत बहिणीचं लग्न होतं — आक्काचं. आमच्याकडे लग्नाचं दळण एका घराचं नसतं. लग्नघरचा गहू भावकीत वाटून देतात, ज्याच्या त्याच्या वाट्याचा जो तो दळून आणतो, आणि सगळं पीठ लग्नघरी एका धुतलेल्या धोतरावर एकत्र ओततात. कुणाचं कुठलं, हे मग देवालाही सांगता यायचं नाही. भावकी एक असल्याची ती खूण. चांगली रीत आहे. अजूनही मला ती चांगलीच वाटते.

आमच्या वाट्याचे दोन डबे मी खालच्या गिरणीत नेले. हिराबाईनं नुकतीच टाकी लावून दगड बसवले होते, इंजिन चालू केलं होतं. मला बघून म्हणाली, “जरा थांब पोरी. हौदात दोन घागरी पानी घालते, मग म्हशीचा जोंधळा काढते. मग तुजं.” आणि घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरली.

मला थांबायचं नव्हतं. का? ऐकून तुम्हाला हसू येईल. लग्नघरी कासारीण आली होती. तिच्याकडे सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या थोड्याच होत्या. माझ्या बाकीच्या बहिणी तिच्याभोवती बसल्या असणार, आणि मी इथे गिरणीत — म्हशीच्या जोंधळ्याच्या मागे नंबर लावून! मी डबा उचलला आणि वरच्या पेटीत गहू ओतला. मग दुसराही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पोरवय होतं, घाई केली. मीही स्वतःला कित्येक वर्षं इथपर्यंतच सांगत आले. इथे थांबलं की गोष्ट लहान वाटते. पण गोष्ट इथे संपत नाही.

हिराबाई परत आली. खाली पडलेलं पीठ बघून तिनं घागर तशीच खाली ठेवली. पिठात हात घातला, चिमूट बोटांत चोळली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. ओरडली नाही. मला अजून वाटतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “ह्यात खर हाय. ह्ये मान्साच्या तोंडाचं न्हाई. आईला सांग, म्हशीला घाला. दुसरा गहू घिऊन ये, मी आत्ताच्या आत्ता दळून देते. दळनाचं काय देऊ नगो.”

मी मान हलवली. म्हणजे — मला माहीत होतं. हेच मला सांगायचं होतं. मला माहीत होतं. एक डबा डोक्यावर, दुसरा कमरेवर घेऊन घाट चढताना मला माहीत होतं की यात दगड आहे.

लग्नघरी गेले तर ओसरीवर धोतर पसरलेलं, पिठाचा ढीग झालेला, भोवती बायका. कासारीण एका कोपऱ्यात, बहिणींचे हात पुढे. मोठ्या काकूनं मला बघितलं. “आलीस का? आण हिकडं,” म्हणाली आणि डोक्यावरचा डबा काढून घेतला. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. काकू, हे म्हशीचं आहे. पाच शब्दही नाहीत. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, का गं? कसं काय? मॅट्रिक झालेली सुभेदाराची पोर गिरणीत थांबू शकली नाही म्हणून हसल्या असत्या. बस्स, हसल्या असत्या. मी त्या हसण्याला भ्याले. काकूनं डबा उपडा केला. मग दुसरा. हात फिरवून तिनं ढीग सारखा केला, आणि मी बांगड्या भरायला बसले.

सोनेरी ठिपक्यांच्या मिळाल्या. मिळाल्या, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत वऱ्हाडाची बसली. नवरदेवाच्या मामानं चपातीचा पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. मग शेजारचा थांबला. मग अख्खी रांग. मोठा आवाज कुणी केला नाही, नुसतं एकेकानं तोंडातला घास पानाच्या कडेला काढून ठेवला. काका हात जोडत फिरत होते. लापशी, भात वाढून वेळ निभावली, पण बोल लागायचा तो लागलाच. आक्का सासरी ‘दगडाच्या घरची’ झाली. चाळीस वर्षं सासूनं तिला त्या नावानं हाक मारली — आधी रागानं, मग चेष्टेनं, शेवटी शेवटी तर मायेनं. आक्का माहेरी आली की हे हसून सांगायची. मीही हसायचे. 

वऱ्हाड गेल्यावर भावकीतली चार माणसं दोन्ही गिरण्यांवर गेली. त्यांच्या मागे बाया, बायांच्या मागे मी. वरच्या गिरणीवाल्यानं आईची शपथ घेतली की त्याच्या दगडाला महिन्याभरात टाकी लागलेली नाही. मग आम्ही घाटावर आलो. काकांनी विचारलं, “हिराबाय, काल टाकी लावली हुती का?”

“व्हय. लावली हुती.”

“मग?”

तिनं घोळक्याकडे बघितलं. मी आईच्या खांद्यामागे होते. मी दिसले तिला, नक्की दिसले. तिची नजर माझ्यावर आली आणि — किती वेळ होती म्हणून सांगू? मला तरी फार वेळ वाटली. मग ती काकांकडे वळली आणि म्हणाली, “गिरन चालू ठिवून मी पान्याला ग्येले. त्यी माजी चूक.” 

एवढंच. पुढे काही नाही. काका आणखी बोलले, बाकीचेही बोलले, नको नको ते बोलले. बाईमाणसाच्या हातात इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार, असंही एक जण बोलला. ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत उभी राहिली. माझं नाव तिनं का घेतलं नाही? लग्नाची पोर, उद्या बघायला येतील, नाव निघेल — म्हणून? की घेतलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता, हे तिला कळत होतं म्हणून? मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, तर कळणार कसं?

मग गिरणी बंद पडली. एका दिवसात नाही. आधी आमची भावकी जायची थांबली, मग आमच्याशी संबंध ठेवणारे, मग पलीकडून नावेनं येणारे. लंगडा आवाज आधी दुपारपुरता राहिला, मग दिवसाआड, मग बाजारच्या दिवशी. दिवाळीनंतर तो आलाच नाही. आई चुलीपुढून म्हणाली, “खालची बंद झाली वाटतं,” आणि भाकरी उलटली. इंजिन कुणीतरी गुऱ्हाळासाठी नेलं. हिराबाई उसात खुरपायला जाऊ लागली — आमच्याही उसात. पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर आला आणि घाटावरचं ते रिकामं पत्र्याचं खोपट वाहून गेलं.

पूर आला होता. हे लक्षात ठेवा. पूर खोटा नाही.

मी सांगलीला डी.एड. केलं आणि नोकरी लागली ती गावातल्याच शाळेत. चौथीच्या वर्गात पहिल्या रांगेत हिराबाईची शालन. हुशार होती पोर. जोडाक्षरं अडायची तेवढी, तर मी तिला मधल्या सुट्टीत बसवून घ्यायचे. काय म्हणाल याला? प्रायश्चित्त? कसलं डोंबलाचं! पोरीला जोडाक्षरं शिकवून आईचं फिटतं का कुठं? वर्ष संपलं आणि हिराबाई शाळेत आली. माहेरी निघाली होती, कायमची. दारातच उभी राहिली, पदर सावरून म्हणाली, “आवं बाई, पोरगीचा दाखला पायजे हुता.”

मला. बाई. आवं. जिनं मला ‘थांब पोरी’ म्हटलं होतं तिनं. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, पोरं मैदानावर होती. माझ्याकडे दाखला लिहून होईपर्यंतचा सगळा वेळ होता. मी अक्षर फार वळणदार काढलं. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं — ‘पालकांचे स्थलांतर’. तिनं कागद घेतला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

आता पुस्तक. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावाचा इतिहास लिहून काढायचा. जुनी माणसं चालली, पूल झाला, घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, पीठ पिशवीतून मिळायला लागलं, गिरण्या कुणाला आठवणार? मग कोण लिहिणार, तर आमच्या बाई! मी हरखले, खोटं कशाला बोलू. गावोगाव फिरले, नावाड्याच्या नातवाला भेटले, तेलघाण्याचा जुना फोटो मिळवला. वरच्या गिरणीवर चार पानं लिहिली. खालच्या गिरणीपाशी आले आणि हात थांबला.

तुम्हाला वाटेल, इथे मी खूप झगडले. नाही. चहा केला, प्याले, आणि लिहिलं : ‘नदीकाठची खालची गिरणी हिराबाई यांनी मोठ्या धीराने चालवली. पुढे महापुरात ती बंद पडली.’

दोन वाक्यं. पहिलं अगदी खरं. दुसऱ्यातला पूर खरा. प्रकाशनाला शाल मिळाली, नारळ मिळाला. शाळेच्या पोरांनी त्यावर तक्ता केला, त्यात घाटाशी एक गिरणी आणि निळ्या खडूनं काढलेला पूर. तो तक्ता व्हरांड्यात लावलाय. आता माझं सोडा, गावाच्या सगळ्या पोरांच्या डोक्यात ती गिरणी पुरानंच बंद पडलीय. आज मी चावडीत उभी राहून ओरडले तरी मुलं म्हणतील, बाई, पुस्तकात तसं नाही. आणि पुस्तक खरं मानायला मीच तर त्यांच्या आईबापांना शिकवलं.

तरी इथवर निभलं असतं. पण गेल्या महिन्यात शालनचा फोन आला. आता तिचीही पन्नाशी उलटली, नातवंडं आहेत. कुणीतरी पुस्तकातलं ते पान मोबाईलवर फिरवलं होतं, ते फिरत फिरत दहिवडीकडे तिच्यापर्यंत गेलं.

“बाई, मी सोता वाचलं बरं का,” ती म्हणाली. “जोडाक्षरासकट. तुमीच शिकिवल्यालं.” मग म्हणाली, “बाई, येक इचारू? गिरन पुरानं बंद पडली व्हती?”

मी म्हणाले, “मोठा पूर आला होता गं.”

तर ती रडायलाच लागली. आणि मग जे बोलली ते मी कसं सांगू तुम्हाला? म्हणाली, मोठी होईपर्यंत तिच्या कानावर तेवढंच आलं होतं की आईनं कुणाच्यातरी लग्नात दगडाचं पीठ दिलं आणि त्यापायी गिरणी गेली, गाव गेलं. पुढे सासरी हाल झाले, गरिबीत दिली म्हणून. दर वेळी ती आईवर राग काढायची — तू नीट दळलं असतंस तर आपण असं झालो असतो का? आई शेवटच्या आजारात अंथरुणावर असतानासुद्धा बोलली होती ती, तुझ्यामुळं झालं सगळं म्हणून. “आन आता तुमी लिवलंय, पुरानं ग्येली. म्हंजी आईचा काय दोष न्हवताच की वो! मी उगाच बोलले तिला. जलमभर बोलले.”

माझ्या हातात फोन होता. काय बोलायचं होतं मी? सगळं बोलायचं होतं. दोष नव्हताच, हे खरं होतं. पूर, हे खोटं होतं. एक सांगायचं तर दुसरं आलंच.

“आई म्हनायची,” शालन सांगत होती, “मी त्या पोरीला थांब म्हनलं हुतं. मी म्हनायची, कुटली पोरगी? तर गप बसायची. कवाच नाव घेतलं न्हाई. मला वाटायचं, सोताची चूक झाकाय सांगती. बाई, तुमी तर तवा गावातच हुता. अशी कोन पोरगी हुती का? तुमास्नी काय ठाव हाय?”

समोर कुणी नव्हतं. नुसता आवाज होता. तरी जमलं मला.

“नाही गं शालन,” मी म्हणाले. “मला काही माहीत नाही.”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. नाक ओढलं, हसली थोडी. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, दहिवडीकडे याच म्हणाली, ज्वारीच्या हुरड्याला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “बाई, तुमचं त्ये पान नातवाकडनं कागदावर काढून घेतलंय. आईच्या फोटूम्होरं ठिवलंय. सांजच्याला दिवा लावते तवा तिला वाचून दावते.”

मी म्हणाले, बरं.